निरंतर शिक्षणाने आपला खर्च आपणच का भागवावा?

विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागात प्रवेशाचे दिवस चालू होते आणि अर्ज तपासायला माणसे कमी पडत होती, म्हणून मोडी लिपीचा वर्ग घेणारी मीही एका टेबलाशी बसले होते. समोर आलेल्या बाई अंगणवाडी सेविका होत्या. वय सेहेचाळीस. बालविकासाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला त्यांना प्रवेश हवा होता. अर्जाला बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, माहेरचे आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे सिद्ध करणारा विवाह नोंदणीचा दाखला आणि सर्वांत वर शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र जोडलेले होते. १९९६ साली बारावी उत्तीर्ण झाल्यापासून आजतागायत आपण अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही आणि या काळात आपल्यावर कोणताही गुन्हा दाखल झालेला नाही, असे त्यात लिहून दिले होते. एवढ्या एका कागदासाठी त्यांना सेतू केंद्रात दोन खेपा आणि दोन अर्ध्या दिवसांच्या रजा खर्ची घालाव्या लागल्या होत्या.

या अठ्ठावीस वर्षांपैकी बावीस वर्षे त्यांनी अंगणवाडी चालवली होती. साल्टर काट्याला झोळी लावून दर महिन्याला गावातल्या मुलांची वजने घ्यायची, ती वाढीच्या तक्त्यावर उतरवायची, रेषा खाली घसरू लागली की त्या मुलाच्या घरी जायचे, आई शेतावर गेलेली असेल तर संध्याकाळी पुन्हा जायचे, हे काम त्या करत आल्या होत्या. पोषण आहाराची, लसीकरणाची, गरोदर मातांची नोंदवही त्या सांभाळत होत्या, आणि नोंदवह्या जाऊन मोबाइल आल्यावर तोही पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकल्या होत्या. बालविकास या विषयाचे जे प्रत्यक्ष ज्ञान त्यांच्यापाशी होते, ते आमच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका तयार करणाऱ्या समितीत किती जणांपाशी होते, असा प्रश्न माझ्या मनात आला. आमच्या कागदोपत्री मात्र त्या सगळ्या काळाचे नाव ‘खंड’ एवढेच होते.

ही केवळ एका अर्जाच्या नमुन्यातली उणीव असती, तर त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. नमुना अर्ध्या तासात बदलता येतो. विद्यापीठ ज्या नजरेने प्रौढ माणसाकडे पाहते, ती नजर त्या नमुन्यात उतरलेली आहे. अठराव्या वर्षी येणारा तो खरा विद्यार्थी आणि चाळिशीत येणारा तो बाहेरचा माणूस. त्याला घ्यायचे तर त्याने कारण सांगावे, पुरावा द्यावा आणि मुख्य म्हणजे स्वतःचा सगळा खर्च स्वतः उचलावा, अशी ती नजर आहे. या शेवटच्या अटीविषयी मला प्रामुख्याने लिहायचे आहे, कारण आपल्याकडच्या निरंतर शिक्षणाची जी कोंडी झाली आहे, तिचे मूळ धोरणाच्या अभावात नसून या अटीत आहे, असे माझे मत आहे.

धोरणांची तर आपल्याकडे कधीच वाण नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली अध्यापन आणि संशोधन यांच्याबरोबरीने ‘विस्तार’ ही विद्यापीठाची तिसरी जबाबदारी मानली आणि तिला पहिल्या दोहोंइतकाच दर्जा असावा असे म्हटले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि त्या लाटेत विद्यापीठांमधून प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग उभे राहिले. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, तेव्हा हेच विभाग साक्षरता वर्गांच्या कामाला जुंपले गेले. पुढे ‘प्रौढ’ हा शब्द मागे पडून ‘आजीवन अध्ययन’ हा शब्द पुढे आला, विभागांच्या पाट्या बदलल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यात तर आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ हे विद्यापीठाचे रीतसर प्राधिकरण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले एक संपूर्ण प्रकरण प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययनाला वाहिलेले आहे. कागदावर याहून अधिक काही मागण्यासारखे उरलेले नाही.

पैशाचे मात्र उलटे झाले. आयोगाकडून योजनेखाली मिळणाऱ्या साहाय्यावर हे विभाग चालत होते. बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा, म्हणजे २०१७ साली, तो आधार गेला आणि विभागांनी आपापले पाहावे अशी स्थिती आली. काही ठिकाणी मंजूर पदे निवृत्तीबरोबर रिकामी होत गेली आणि भरलीच गेली नाहीत. काही ठिकाणी नियमित महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून ठरावीक तासांचे विस्तारकार्य करून घेणे आणि त्याबद्दल त्यांना वाढीव गुण देणे, हेच विभागाचे मुख्य काम होऊन बसले. ते काम वाईट नाही. त्या निमित्ताने मुले वस्तीत जातात, सर्वेक्षण करतात, पथनाट्य बसवतात. पण ज्या प्रौढांसाठी विभाग काढला, ते प्रौढ त्यात सर्वेक्षणाचा विषय म्हणून येतात, विद्यार्थी म्हणून येत नाहीत. प्रौढांसाठी जे अभ्यासक्रम उरले ते ‘स्वयंअर्थसहाय्यित’ झाले. या लांबलचक शब्दाचा अर्थ साधा आहे: शिकणाऱ्याच्या खिशातून जेवढे येईल तेवढ्यातच शिकवायचे.

यातून काय होते, ते आकड्यांत मांडून पाहू. समजा, साठ तासांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे आणि शिकवणाऱ्याला तासाला ८०० रुपये मानधन आहे. मानधनाचे ४८,००० रुपये झाले. परीक्षा, छपाई, संध्याकाळी थांबणारा शिपाई, जाहिरात आणि विद्यापीठाच्या निधीत भरायचा वाटा मिळून तेवढीच रक्कम धरली, तर एकूण खर्च ९६,००० रुपये. तीस जण आले तर प्रत्येकी ३,२०० रुपये पडतात, वीसच आले तर ४,८००. आता ज्या अभ्यासक्रमाला वीसही येणार नाहीत तो उघडणारच नाही, आणि ज्याला तीस येतील त्यातही ३,२०० रुपये एकरकमी भरू शकणारेच येतील. अंगणवाडी सेविका, घरकामगार, कंत्राटी सफाई कामगार, एकट्या पगारावर घर चालवणारा सुरक्षारक्षक या गणितात कुठेच बसत नाहीत. मग विभागप्रमुख, तो कितीही तळमळीचा असला तरी, साहजिकच असे अभ्यासक्रम शोधू लागतो की ज्यांना गर्दी होईल आणि ज्यांचे ग्राहक पैसे भरू शकतील. डिजिटल मार्केटिंग, शेअर बाजार, इव्हेंट मॅनेजमेंट हे अभ्यासक्रम दर वर्षी भरतात. ग्रामपंचायतीच्या कारभाराचा, पाणलोटाचा, पालीचा, मोडीचा अभ्यासक्रम एका वर्षी उघडतो आणि दुसऱ्या वर्षी ‘पुरेशा प्रतिसादाअभावी’ बंद होतो. प्रतिसाद पुरेसा आहे की नाही, हे या हिशेबात शुल्कावरून ठरते, गरजेवरून नाही.

महाराष्ट्राने शिक्षणाकडे या हिशेबाने पाहिलेले नव्हते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. शिकणारा दिवसा मोकळा नसतो, तेव्हा शाळेने रात्री उघडे राहावे, ही त्यामागची समज होती. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने, १९०९ पासून, शिकण्याचे वय निघून गेले असे घरच्यांनी आणि समाजाने ठरवून टाकलेल्या स्त्रियांना अक्षरओळखीपासून परिचारिकेच्या शिक्षणापर्यंत नेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना कचेरी गाठण्याआधी शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. या तिन्ही ठिकाणी वेळापत्रक शिकणाऱ्याकडे पाहून आखलेले होते. आज आमच्याकडे वर्ग संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि ग्रंथालयाचा देवघेव विभाग साडेपाचला बंद होतो. शनिवारी वर्ग असतो, पण शुल्क भरण्याची खिडकी उघडी नसते. रविवारच्या वर्गाला येणाऱ्या बायकांना स्वच्छतागृहाची किल्ली रखवालदाराकडून मागून घ्यावी लागते. ही तक्रार क्षुल्लक वाटेल. पण ठाण्याहून किंवा चाकणहून दीड तास प्रवास करून आलेल्या माणसाला आपण इथे पाहुणे आहोत, घरचे नाही, हे याच गोष्टी सांगत असतात.

विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर जावे, ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ साली आपले अध्यापक गावोगावी व्याख्याने द्यायला पाठवले आणि तेथून ही प्रथा इंग्लंडभर पसरली, हे खरे. पण त्याच सुमारास, १८७५ साली, न्यायमूर्ती रानडे पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात करत होते. पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या गावांत व्याख्याने नेली, आणि विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला अनेक गावांतल्या लोकांना विद्यापीठाची पहिली ओळख ठरली. ‘बहिःशाल’ हा शब्दच किती नेमका आहे! शाळेच्या बाहेर असलेली, पण शाळेचीच.

या बहिःशाल परंपरेतले अलीकडचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल अध्ययन केंद्राने पुरातत्त्वाचे अर्धवेळ अभ्यासक्रम चालवले. त्यांना येणारे लोक अभियंते होते, बँकेत काम करणारे होते, गृहिणी होत्या, निवृत्त झालेले होते. गेल्या दशकात या केंद्राच्या पुढाकाराने साष्टीचे, म्हणजे आजच्या मुंबईच्या उपनगरांचे, पुरातत्त्वीय सर्वेक्षण झाले, तेव्हा अशाच विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी गल्ल्या, गावठाणे, देवळांची आवारे आणि तळ्यांचे काठ पालथे घातले. इमारतींच्या गर्दीत हरवलेले गधेगाळ म्हणजे शापवचन कोरलेले दगड, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, जुन्या मंदिरांचे कोरीव दगड, शेंदूर फासून पुजल्या जाणाऱ्या मूर्ती यांची नोंद झाली. मुंबईत आता शोधण्यासारखे काय उरले आहे, असे वाटणाऱ्यांना ते उत्तर होते. नोकरीतून वेळ काढून शिकणारी माणसे ज्ञान घेतात तशी ज्ञानात भरही घालतात, हे इथे डोळ्यांनी दिसले. आणि या माणसांना त्या अभ्यासक्रमातून नोकरी हवी नव्हती. ज्या मोजपट्टीने आज अभ्यासक्रमाचे यश मोजले जाते, तीत त्यांची नोंद शून्य पडेल.

माझ्या स्वतःच्या विषयाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या शाळांत शिकवली जात होती. छपाईसाठी देवनागरी सोयीची ठरली, मोडी मागे पडली आणि दोन पिढ्यांत ती वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर, कोल्हापूरचे दप्तर, तहसील कचेऱ्यांतली जुनी महसुली कागदपत्रे आणि असंख्य घरांतली वाटणीपत्रे, खरेदीखते या लिपीत आहेत. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या संदर्भात जुन्या नोंदी तपासण्याचे काम राज्यभर सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्या वेळी हाताशी आलेल्यांत अनेक जण असेच कुठल्या ना कुठल्या अल्पमुदतीच्या वर्गात, चाळिशी-पन्नाशीत, हौस म्हणून मोडी शिकलेले होते. त्या हौसेला दहा वर्षांपूर्वी ‘याचा उपयोग काय’ असे विचारले गेले होते. समाजाला उद्या कोणत्या विद्येची गरज पडेल, हे आजच्या शुल्कपावत्यांवरून सांगता येत नाही, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

माझ्या मोडीच्या वर्गातली एक संध्याकाळ. मोडीत आधी ओळभर आडवी शिरोरेषा ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवत नेतात. बोरू शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे शब्द एकमेकांत मिसळतात आणि नवशिक्याला कुठे शब्द संपला ते कळत नाही. त्या दिवशी मी एका जमिनीच्या कागदाची छायाप्रत वाटली होती आणि एका ओळीवर सगळा वर्ग अडला. शाई फुटलेली होती. मलाही ते अक्षर लागेना. मागच्या बाकावर एक निवृत्त तलाठी बसत. त्यांनी विचारले, “बाई, त्याच्या आधी काय आहे?” मी म्हटले, “सात.” “आणि त्याच्या आधी?” “चार बिघे.” “मग ते पांड असणार. वीस पांडांचा एक बिघा. चार बिघे सात पांड.” आम्ही पुन्हा पाहिले, तर ‘पां’ स्पष्ट दिसू लागला. जूनपूर्वी या गृहस्थांनी मोडीचे एकही अक्षर गिरवलेले नव्हते. अक्षर मला येत होते, जमीन त्यांना येत होती. नियमित वर्गातल्या विसाव्या वर्षाच्या हुशार विद्यार्थ्याकडून हे उत्तर मला मिळाले नसते, आणि त्या वर्गात असा एखादा तलाठी बसला असता, तर त्या मुलांचेही भले झाले असते.

म्हणून प्रौढांसाठी वेगळे, हलके, कोपऱ्यातले काहीतरी चालवावे या विचाराला माझा विरोध आहे. १९०८ साली इंग्लंडमध्ये रॉचडेल आणि लाँग्टन या दोन कामगार गावांत ऑक्सफर्ड विद्यापीठाने वर्ग सुरू केले, तेव्हा आर. एच. टॉनी यांच्यासारखा पुढे थोर इतिहासकार ठरलेला अध्यापक तिथे पाठवला. आठवड्यातून एकदा दोन तास, त्यातला एक तास व्याख्यान आणि एक तास चर्चा, शिवाय निबंध लिहून आणायचे, आणि हे तीन वर्षे. कापड गिरणीतले आणि मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांतले कामगार ते करत होते. त्यांना सोपे करून काही दिले गेले नाही. आपल्याकडे संध्याकाळच्या वर्गावर येणारा अध्यापक बहुधा तासिका तत्त्वावरचा असतो, त्याच दिवशी आणखी दोन महाविद्यालयांत शिकवून आलेला. त्याच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण विभागातल्या पूर्णवेळ प्राध्यापकाने प्रौढांचा वर्ग घेतला, तर तो त्याच्या कार्यभारात धरला जात नाही. जे काम कार्यभारात धरले जात नाही ते विद्यापीठाचे काम नव्हे, एवढा अर्थ कोणालाही कळतो.

प्रौढांच्या शिक्षणाचा खर्च विद्यापीठाने आणि सरकारने उचलावा, या मागणीवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. तरुणांना पुरेशा जागा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आपण देऊ शकत नाही. शेकडो पदे रिक्त आहेत. अशा वेळी मिळवत्या माणसांच्या शिक्षणावर सार्वजनिक पैसा का घालावा, असे विचारले जाते. हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार अठरा ते तेवीस वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील पटसंख्येचे प्रमाण देशात २८.४ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ३५ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात सुद्धा या वयात बहुसंख्य तरुण महाविद्यालयाबाहेर असतात. कोणी बापाच्या आजारपणामुळे, कोणी लवकर झालेल्या लग्नामुळे, कोणी गावात महाविद्यालय नसल्यामुळे, कोणी सलग दोन वर्षे पाऊस न झाल्यामुळे बाहेर राहिलेले असतात. सार्वजनिक पैशाचा लाभ ज्यांना त्या सहा वर्षांत घेता आला, त्यांनाच तो मिळाला. उरलेल्यांनी करही भरला आणि वाटही पाहिली. चाळिशीत दारात येणारी ही माणसे नवा हक्क मागत नाहीत, राहून गेलेला मागत आहेत. तरुण आणि प्रौढ यांना एकमेकांचे स्पर्धक ठरवणे मला त्यामुळे पटत नाही. शिवाय आई शिकत असलेल्या घरातले मूल अभ्यासाला कसे बसते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या दोन खर्चांमध्ये भिंत उभी करता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, मुक्त विद्यापीठ त्यासाठीच तर आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून जे काम केले, त्याचे मोल मोठे आहे. डॉ. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाने दहावी-बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आणला, आणि शेतकरी, पोलीस शिपाई, गृहिणी, कामगार यांच्यासाठी पदवीचे दार उघडले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्याने मिरवण्यापुरते ठेवले नाही. परंतु एक मुक्त विद्यापीठ आहे म्हणून बाकीच्या सगळ्या विद्यापीठांनी आपली दारे लावून घ्यावीत, हे त्यातून निघत नाही. पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येते. प्रयोगशाळा, दुर्मिळ ग्रंथांचे दालन, उत्खननाची जागा, समोरासमोर होणारा वाद या गोष्टी जवळच्या विद्यापीठातच मिळू शकतात. ऑनलाइन अभ्यासक्रमांबाबतही हेच. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ आले, चांगले अध्यापक घरबसल्या ऐकायला मिळू लागले, हे स्वागतार्हच आहे; पण एकच फोन असलेल्या, दोन खोल्यांच्या घरात रात्री दहानंतर एकटीने पाहिलेले व्याख्यान आणि शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलेला प्रश्न यांत फरक राहतोच.

आता श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिटच्या, नव्या व्यवस्थेकडे वळते, कारण तिच्यात खरी शक्यता आहे आणि खरा खड्डाही आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक मिळतो. साठ तासांचा अभ्यासक्रम म्हणजे दोन श्रेयांक. एका वर्षाच्या पदवी स्तरावरच्या प्रमाणपत्राला साधारण चाळीस श्रेयांक लागतात आणि २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत हे श्रेयांक जमा करता येतात. मोठमोठ्या घासांत शिकता न येणाऱ्या माणसाला थोडे थोडे साठवता यावे, ही कल्पना प्रौढांसाठी वरदान ठरू शकते. पण पेढीतल्या श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे आहे. नोकरी आणि घर सांभाळून एखादी बाई वर्षाला तीन असे अभ्यासक्रम पूर्ण करू शकली, तर तिचे वर्षाला सहा आणि सात वर्षांत बेचाळीस श्रेयांक होतात. चाळीसची सीमा ती कशीबशी ओलांडते. मधले एकच वर्ष सासूच्या आजारपणात किंवा मुलीच्या बाळंतपणात गेले, की शेवटचे श्रेयांक मिळेपर्यंत पहिले बाद होऊ लागतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मध्येच शिक्षण सोडून दोन-तीन वर्षांनी परतणारा तरुण होता, हे यावरून उघड आहे. प्रौढांसाठी ही मुदत काढून टाकावी. आणि त्याआधी, निरंतर शिक्षण विभागांच्या अभ्यासक्रमांना मुळात श्रेयांक द्यावेत, कारण त्यांतले पुष्कळसे आज या व्यवस्थेबाहेरच आहेत आणि त्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे कुठे चालत नाही.

पूर्वानुभवाला श्रेय देण्याची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. कौशल्य विकासाच्या योजनांत गवंड्याच्या, सुताराच्या हातातल्या कसबाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र दिले जाते. अंगणवाडीत बावीस वर्षे काढलेल्या बाईला बालविकासाचे दोन-चार श्रेयांक तोंडी परीक्षा घेऊन देणे विद्यापीठाला अशक्य का असावे? खंडाचे प्रतिज्ञापत्र मागण्याऐवजी त्या वर्षांत केलेल्या कामाचा तपशील मागितला, तर विद्यापीठाला आपला विद्यार्थी कोण आहे हे तरी कळेल.

खर्चाचा भार सरकारने आणि विद्यापीठाने उचलला की काय घडते आणि काढून घेतला की काय घडते, हे दोन्ही जगात दिसले आहे. सिंगापूरने २०१५ साली पंचवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाच्या नावे शिकण्यासाठी ५०० सिंगापुरी डॉलर ठेवले आणि २०२४ साली चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी ४,००० डॉलर दिले. त्या देशाची संपत्ती आपल्यापाशी नाही. पण शिकण्याचा पैसा प्रौढाच्या नावे ठेवायचा, हा विचार घेण्याला संपत्ती लागत नाही. इंग्लंडने याच्या उलट केले. आधी पदवी असलेल्यांच्या पुढच्या शिक्षणाचे अनुदान २००८ पासून काढले, २०१२ साली शुल्क अनेक पटींनी वाढू दिले, आणि अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. शंभर-सव्वाशे वर्षांत बांधलेले बहिःशाल विभाग एकामागून एक बंद झाले. ज्या देशाकडून आपण ही प्रथा घेतली, तिथेच ती अशी मोडली. ती मोडायला बंदीचा हुकूम लागला नाही, शुल्काचा आकडा पुरला.

आपल्याकडे काय करता येईल, ते अगदी हाताशी आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून, सरकारी अनुदानाची वाट न पाहता, एक ठरावीक हिस्सा प्रौढांच्या अभ्यासक्रमांसाठी दर वर्षी बाजूला काढावा आणि त्यातून कमी शुल्काच्या व विनाशुल्क जागा भराव्यात. गर्दी न होणारे पण लागणारे अभ्यासक्रम सलग पाच वर्षे चालवण्याची हमी द्यावी, म्हणजे एखाद्या वर्षी नऊ जण आले म्हणून मोडीचा वर्ग गुंडाळला जाणार नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाने घेतलेला प्रौढांचा तास कार्यभारात धरावा. ग्रंथालयाचा देवघेव विभाग आठवड्यातले तीन दिवस रात्री आठपर्यंत उघडा ठेवावा.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प मार्च महिन्यात अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, येतो. त्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात, आणि त्यांना मत देणारे आपण सगळे विद्यापीठ सोडून दहा, वीस, तीस वर्षे झालेले प्रौढच असतो. मत मागायला येणारे उमेदवार आपल्याशी बहुतेक वेळा निकालांचा उशीर, परीक्षांचा गोंधळ, महाविद्यालयांची संलग्नता यांवर बोलतात. पुढच्या निवडणुकीत त्यांना एवढे विचारावे की, आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाच्या नावापुढे गेल्या अर्थसंकल्पात किती रक्कम लिहिली होती, तिच्यातली शिकणाऱ्यांच्या शुल्कातून आलेली किती आणि विद्यापीठाने आपल्या खिशातून घातलेली किती.